हौसेची मोटार आणि पोटाची वाट

ज्येष्ठ संपत आला होता. पहिली मोठी सर येऊन गेली होती आणि मुलुंडच्या आमच्या गल्लीत खोदून ठेवलेल्या चरांत पाणी साठले होते. अशा एका संध्याकाळी माझा पुतण्या घरी आला. चहा झाला, इकडचे तिकडचे बोलणे झाले आणि मग, सहज आठवल्यासारखे दाखवून तो म्हणाला, "काका, गाडी विकावी की काय, असे मनात घोळते आहे."

ही गाडी म्हणजे चारचौघांची मोटार नव्हे. दोन माणसांची, लाल रंगाची, जमिनीला टेकल्यासारखी दिसणारी परदेशी स्पोर्ट्स कार. कोणा हौशी गृहस्थाने काही वर्षे वापरून विकायला काढली आणि आमच्या चिरंजीवांनी कर्ज काढून घेतली. तेव्हा घरात बरीच कुजबुज झाली. वहिनी म्हणाल्या, "एवढ्या पैशात अख्खे घर मावेल अशी गाडी आली असती." पण मुलाची लहानपणापासूनची हौस, शाळेच्या वह्यांना तो मोटारींची चित्रे असलेली कव्हरे घालीत असे. कोणी फारसे अडविले नाही.

त्याची तेव्हाची नोकरी फोर्टात होती आणि काम टोकियोच्या शेअर बाजाराशी बांधलेले होते. तो बाजार तिथल्या नऊला, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला उघडतो. साहजिकच हा साडेचारला घर सोडी. पूर्व द्रुतगती मार्ग मोकळा, पुढे चेंबूरपासून पी. डि'मेलो रस्त्यापर्यंतचा, जून २०१३ मध्ये खुला झालेला मार्ग त्याहून मोकळा. तीसबत्तीस किलोमीटर तो चाळीस मिनिटांत जाई आणि दुपारी दोनच्या सुमारास परत निघे. दोन वर्षांपूर्वी घरात मुलगी जन्मली. ती रात्री जागी असायची तेव्हा बाप झोपलेला आणि ती सकाळी उठायची तेव्हा बाप कचेरीत. म्हणून त्याने नोकरी बदलली. नवी कचेरी गोरेगावला, वेळ दहा ते सात, पगार थोडा कमी. अंतर वीसबावीस किलोमीटरच, म्हणजे पूर्वीपेक्षा दहाने कमी. आणि लागणारा वेळ? दीड तास, पावसात दोन.

"अंतर घटले आणि वेळ वाढला, हे कसे?" मी विचारले.

"आता आडवे जावे लागते, काका," तो म्हणाला.

तो हे त्राग्याने बोलला. पण मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकविलेला माणूस. मला त्या एका शब्दात आमच्या उपनगरांचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास दिसू लागला. तोच येथे सांगावयाचा आहे.

मुंबईची वाट मुळात उभी आहे. बेट दक्षिणोत्तर लांबट, त्याच्या दक्षिण टोकाला किल्ला, गोदी, पेढ्या आणि सरकार. उत्तरेला साष्टी. साष्टीला बेटाशी जोडणारे दोन बांध पडले, शीवचा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आणि माहीमचा १८४५ मध्ये. माहीमच्या बांधासाठी लेडी अवाबाई जीजीभॉय यांनी मोठी देणगी दिली, हे सर्वश्रुत आहे. या दोन बांधांपासून दोन रस्ते उत्तरेकडे गेले. पश्चिमेचा घोडबंदर रस्ता, म्हणजे आजचा स्वामी विवेकानंद मार्ग. पूर्वेचा आग्रा रस्ता, म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग. लोखंडी रस्तेही त्याच दोन रेघांवरून गेले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली ती पूर्वेच्या रेघेवरून. पश्चिमेच्या रेघेवर १८६७ च्या एप्रिलात विरारहून बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी सुरू झाली. ती विरारहून सकाळी ६.४५ ला निघे आणि बॅकबेहून संध्याकाळी ५.३० ला परत फिरे. दिवसातून एकच फेरी. पण तिच्या वेळा पाहिल्या म्हणजे ती कोणासाठी होती हे सांगावे लागत नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या चाकरमान्याचा जन्म त्या वेळापत्रकात आहे. तिच्या थांब्यांत 'पहाडी' नावाचे एक ठिकाण होते. ते आजचे गोरेगाव. पुतण्याची नवी कचेरी याच पहाडीत आहे. फरक इतकाच की त्या काळी पहाडीचा माणूस कामासाठी बाहेर जाई आणि आज बाहेरचा माणूस कामासाठी पहाडीत येतो.

१८९६ च्या प्लेगाने लोकांना दाट वस्तीचे भय घातले. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, दादर-माटुंग्याच्या योजना आल्या, आणि 'जरा लांब राहू पण हवा खाऊ' हा विचार मध्यमवर्गात रुजला. पुढे वीज आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला विजेची गाडी धावली. जानेवारी १९२८ मध्ये चर्चगेट ते बोरीवली हा मार्ग विजेवर आला. त्यानंतर अंधेरी, बोरीवली, घाटकोपर, मुलुंड ही गावे हळूहळू मुंबईची झाली. कायद्याने ती उशिरा झाली. महानगरपालिकेची हद्द १९५० मध्ये वाढली आणि १९५७ मध्ये ती दहिसर व मुलुंडपर्यंत गेली. आमचे वडील गिरगावातले बिऱ्हाड मोडून मुलुंडला आले ते याच सुमारास. घर निवडताना त्यांनी पाणी पाहिले, शाळा पाहिली आणि स्टेशनपर्यंत किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून पाहिले. रस्ता मोटारीच्या लायकीचा आहे की नाही, हा प्रश्न त्यांच्या मनातही आला नाही.

आडव्या वाटेचे काय? ती निघाली नाही असे नाही. १९२८ मध्येच ट्रॉम्बेहून कुर्ल्यावरून अंधेरीला जाणारी साष्टी-ट्रॉम्बे रेल्वे सुरू झाली होती. जेमतेम तेरा किलोमीटरची ही लाइन १९३४ मध्ये बंद पडली. सहा वर्षांचे आयुष्य! त्या वेळी अंधेरीच्या माणसाला कुर्ल्यात आणि कुर्ल्याच्या माणसाला अंधेरीत रोज काय काम असणार? दोघांचेही काम दक्षिणेला. शिवाय मध्ये निसर्ग आडवा. कान्हेरीच्या डोंगरांचे रान, आज राष्ट्रीय उद्यान असलेले सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे. त्याच्या पोटात विहार आणि तुळशी, पायथ्याशी पवई. पूर्व आणि पश्चिम उपनगरे ही एकाच घरातल्या दोन जावांसारखी शेजारी राहिली, पण एकमेकींकडे जायचे तर दादरला वळसा घालून.

या उभ्या मुंबईत मोटारीचे स्थान काय होते, हेही पाहिले पाहिजे. मोटार श्रीमंताची, आणि वेगवान मोटार तर श्रीमंताच्या तरुण मुलाची. जे. आर. डी. टाटा तरुणपणी बुगाटी चालवीत. भरधाव चालविण्यावरून पोलिसांची तक्रार झाली, ते जॅक विकाजी या वकिलाकडे सल्ल्याला गेले आणि तेथे त्यांना विकाजींची पुतणी थेल्मा भेटली. १९३० मध्ये दोघांचा विवाह झाला. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन त्यांचे विमान उतरले ते आमच्या उपनगरात, जुहूला. त्याच जुहूच्या धावपट्टीवर १९५० आणि १९६० च्या दशकांत मोटारींच्या शर्यती होत. उपनगराने शर्यतीच्या मोटारीला जागा दिली ती अशी, सरळ आणि रिकाम्या धावपट्टीवर. रोजच्या रस्त्यावर नव्हे.

आणि मोटार तयार करणारी माणसे? तीही उपनगरातच होती. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज आणि प्लिमथ, नंतर इटलीच्या फियाटच्या परवान्याने बनविलेल्या मोटारी बाहेर पडू लागल्या. १९५३ च्या टॅरिफ कमिशननंतर मोटारी इथेच बनवावयास तयार असलेल्या कंपन्यांनाच वाव राहिला. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आपले भारतातले कारखाने आवरले. परदेशी मोटार हवी तर वकिलातींनी वापरून सोडलेली, स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या लिलावात मिळे. ती सिनेमातल्या नटांना परवडे. बाकीच्यांना फियाट किंवा अँबॅसेडर, आणि तीही नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर.

माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे या पुतण्याच्या वडिलांनी, १९७५ मध्ये फियाटसाठी नाव घातले. १९८१ मध्ये गाडी हाती आली. तोपर्यंत तिचे नाव 'प्रीमियर पद्मिनी' झाले होते. १०८९ सी.सी.चे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर, रंग पांढरा. गाडी आली त्या दिवशी वहिनींनी तिला ओवाळले, चाकांखाली लिंबे ठेवली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दादा नेहमीप्रमाणे ७.५२ च्या गाडीने व्ही. टी.ला गेला! पद्मिनी खाकी खोळ पांघरून आवारात उभी राहिली. ती रविवारी निघे. टिटवाळ्याला, वज्रेश्वरीला, पाहुण्यांना आणायला दादरला. दादा निवृत्त होईपर्यंत ती एकदाही त्याच्या कचेरीचे दार पाहू शकली नाही. आम्हाला त्यात काही विचित्र वाटले नाही. हौसेची गाडी वेगळी आणि पोटाची गाडी वेगळी, हा आमच्या पिढीचा अलिखित करार होता.

हा करार मोडला कशाने? नोकऱ्या हलल्या म्हणून. १९६० च्या दशकात मरोळला औद्योगिक वसाहत झाली, १९७३ मध्ये अंधेरीला सीप्झ आले, १९७७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलाच्या नियोजनाचे काम महानगर प्रदेश प्राधिकरणाकडे गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. तो रीतसर कधी मिटलाच नाही. अनेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. १९९१ नंतर नव्या जातीच्या कचेऱ्या आल्या. त्यांना गोदी नको होती, भोंगा नको होता. मोठी काचेची इमारत आणि मुबलक जागा हवी होती. ती अंधेरीला, पवईला, मालाडला, गोरेगावला मिळाली. ज्या गावांतून माणसे सकाळी बाहेर पडत, त्या गावांत माणसे सकाळी येऊ लागली. घाटकोपरचा माणूस मरोळला, मुलुंडचा मालाडला, बोरीवलीचा पवईला. उभ्या धाग्यांवर विणलेल्या कापडाला आडवा ताण बसला, आणि आडवे धागे तर कोणी भरलेच नव्हते.

नेमकी हीच पोकळी खासगी मोटारीने भरून काढली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस द्रुतगती मार्गांवर उड्डाणपूल झाले, कर्जे सोपी झाली, नाव नोंदवून थांबण्याचे दिवस संपले. १ एप्रिल २००१ पासून आयातीवरील संख्येची बंधने उठली. परदेशी मोटारी येऊ लागल्या, अर्थात जबर जकात भरून. याच महाराष्ट्रात अलिबागेजवळ चिंकारा मोटर्सने अँबॅसेडरमध्ये येणारे इसुझूचे इंजिन बसवून दोन आसनी उघडी रोडस्टर बनविली. बंगळूरच्या सॅन मोटर्सने रेनॉच्या छोट्या इंजिनावर 'स्टॉर्म' काढली. थोड्या निघाल्या, हौशी लोकांनी घेतल्या. सामान्य माणसाच्या मनात मात्र एका गाडीने घर केले. सचिन तेंडुलकरने २००२ मध्ये ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केली आणि फियाटतर्फे मायकेल शूमाकरच्या हस्ते त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. तिच्या जकातमाफीवरून २००३ मध्ये वाद झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर जकातीची रक्कम फियाटनेच भरली. वांद्र्याला राहणाऱ्या या मराठी मुलाची लाल फेरारी आमच्या पुतण्याच्या पिढीने डोळ्यांत साठवून ठेवली. २०११ मध्ये सचिनने ती सुरतेच्या एका व्यावसायिकाला विकली, हे त्या पिढीने तितकेसे लक्षात ठेवले नाही.

पुतण्याची अडचण आता वाचकांच्या ध्यानात येईल. त्याची जुनी नोकरी उभी होती आणि पहाटेची होती. त्या वाटेवर, त्या वेळी, ती लाल मोटार जुहूच्या धावपट्टीवर असल्यासारखीच धावे. नवी नोकरी आडवी आहे. मुलुंडहून विक्रोळीपर्यंत यायचे आणि तेथून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याला लागायचे. साडेदहा किलोमीटरचा हा रस्ता सकाळी नऊ वाजता पुढे सरकतो असे म्हणणे हे त्याच्यावर उपकार करण्यासारखे आहे. पवईपाशी ट्रकांच्या चाकांची उंची आणि याच्या डोळ्यांची उंची एकच. गतिरोधक आला की गाडी तिरपी घालून एकेक चाक उतरवायचे; मागचे लोक कर्णे वाजवितात. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासभर रांगताना क्लच तापतो आणि पायाला गोळे येतात.

पावसाची गोष्ट आणखी निराळी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस उपनगरातला कोणीही विसरणार नाही. पण तेवढा पाऊस कशाला हवा? अंधेरीचा भुयारी रस्ता आणि सांताक्रूझचा मिलन सबवे थोड्या पावसानेही भरतात. बसक्या गाडीचे हवा ओढणारे तोंड खाली असते. त्यातून पाणी सिलिंडरमध्ये गेले तर दट्ट्याला ते हवेसारखे दाबता येत नाही. दट्ट्याचे दांडे वाकतात आणि इंजिन कायमचे जाते. यंदाच्या पहिल्या पावसात पवईला पाणी चढताना पाहून तो एका पेट्रोल पंपाच्या चढावर गाडी लावून अडीच तास उभा राहिला. मुलगी झोपल्यावर घरी पोचला. ज्या कारणासाठी नोकरी बदलली तेच कारण त्या दिवशी हातातून निसटले. गाडी विकण्याचा विचार त्या पंपावर सुचला, असे त्याने मला सांगितले.

कोणी म्हणेल, आज ना उद्या रस्ता होईल. होईल खरा. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराखालून गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे जुळे बोगदे काढण्याच्या कामाचे भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झाले आहे. पण आमच्या शहराचा अनुभव असा की रस्ता मोकळा असतो तो उद्घाटनाच्या आठवड्यात. त्याच्या आधी आडव्या वाटेवर खरा बदल केला तो मेट्रोने. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची मार्गिका सुरू झाली. साष्टी-ट्रॉम्बे रेल्वे बंद पडल्याला तेव्हा ऐंशी वर्षे झाली होती. जी आडवी गाडी सहा वर्षांत गेली, तिच्याच दिशेची गाडी सुरू होताच खच्चून भरू लागली. अंधेरी बदलली नव्हती, घाटकोपरही जागचे हलले नव्हते. हलल्या होत्या त्या नोकऱ्या. जानेवारी २०२३ मध्ये अंधेरी पूर्व ते दहिसर पूर्व ही मार्गिकाही पूर्ण झाली, आणि गुंदवली स्थानकाशी पादचारी पुलाने दोहोंची गाठ पडली.

मी पुतण्याला एवढेच म्हटले, "महिनाभर गाडी घरी ठेव. मग ठरव."

तो मुलुंडहून लोकलने घाटकोपरला, तेथून मेट्रोने पश्चिम द्रुतगती मार्ग स्थानकावर, पूल ओलांडून गुंदवली आणि तेथून गोरेगाव पूर्व असा जाऊ लागला. तीन गाड्या, दोन जिने, गर्दी सोसवेना अशी. घाटकोपरच्या पुलावर मुंगीच्या पावलांनी चालावे लागते. तरी सव्वा तासाच्या आत पोचतो, आणि मुख्य म्हणजे किती वाजता परत येणार हे सकाळीच सांगू शकतो. मुलीला घड्याळ कळत नाही. पण आजी "आता बाबा" म्हणाली की ती दाराशी जाऊन उभी राहते.

महिना झाला, दोन झाले, गणपती येऊन गेले. लाल मोटार खाकी खोळ पांघरून आवारात उभी होती, जिथे तिच्या आधी पद्मिनी उभी असे तिथेच. मला वाटले, चला, पुन्हा जुना करार आला. हौसेची गाडी रविवारी आणि पोटाची गाडी रोज. मी तसे बोलूनही दाखविले. तो हसला आणि म्हणाला, "काका, बाबांच्या फियाटमध्ये रविवारी आपण सातजण बसत होतो. हिच्यात तिघेसुद्धा मावत नाही."

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

दसऱ्याला त्याने गाडी स्वतः धुतली, झेंडूची माळ घातली, आपट्याचे पान काचेपाशी ठेवले. मुलीला मांडीवर घेऊन आवारातल्या आवारात एक फेरी मारली. मग मला म्हणाला, "मला वाटायचे, मला गाडीची हौस आहे. ती पहाटेच्या रस्त्याची होती. चेंबूर सोडले की समोर रस्ता मोकळा असायचा." त्याच आठवड्यात एक तरुण येऊन गाडी पाहून गेला. व्यवहार ठरला. नेण्यापूर्वी पुतण्याने त्याला किमतीबद्दल काही विचारले नाही. विचारले ते एवढेच की, तुमची कचेरी कुठे आहे आणि निघता किती वाजता?